‘विंड अँड ट्रुथ’वर प्रतिक्रिया लिहायचीय? पुस्तक उघडण्याआधी हे वाचा

ब्रँडन सँडरसनच्या ‘द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ मालिकेचा पाचवा भाग, ‘विंड अँड ट्रुथ’, ६ डिसेंबर २०२४ला आला. तेराशेहून जास्त पानं, पाच लाखांच्या घरात शब्द. एवढा ठोकळा संपवून मिटला की चाहत्याच्या तोंडून सहसा दोनपैकी एक वाक्य निघतं, ‘अफाट आहे राव’ किंवा ‘पार निराशा केली’. दोन्ही मनापासून असतात, आणि पुस्तक घ्यावं की नाही या विचारात असलेल्याला दोन्हींचा उपयोग शून्य. चांगली प्रतिक्रिया शेवटचं पान उलटल्यावर सुचत नाही. ती वाचता वाचता, थोडी थोडी कागदावर उतरवून ठेवावी लागते. शेवटाचा मारा एकदा अंगावर आला की मधल्या हजार पानांत काय वाटलं होतं ते आठवत नाही.

या लेखात पाचव्या भागाबद्दल त्याच्या जाहीर परिचयात आहे तेवढंच येईल. आधीच्या चार भागांतल्या गोष्टी मात्र येतील.

किती वेळ हाताशी हवा

इंग्रजी आपली रोजची वाचनभाषा नसेल तर मिनिटाला दोनशे शब्द हा बरा वेग. त्या हिशेबाने पुस्तकाला चाळीस-एक्केचाळीस तास लागतात, म्हणजे रोज दोन तास दिले तर तीन आठवडे. मायकल क्रेमर आणि केट रीडिंग यांच्या आवाजातलं ऑडिओबुक बासष्ट तासांहून मोठं आहे. सव्वापट वेगाने लावलं तरी पन्नासच्या आसपास तास जातात. ‘वीकेंडला उरकतो’ असं म्हणणारे शेवटचा तिसरा हिस्सा नुसता चाळतात, आणि मग प्रतिक्रियेत लिहितात की शेवट घाईत गुंडाळलाय. घाई कोणाची, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आधीचे चार भाग ‘द वे ऑफ किंग्ज’ (२०१०), ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’ (२०१४), ‘ओथब्रिंगर’ (२०१७) आणि ‘रिदम ऑफ वॉर’ (२०२०). सगळे पुन्हा वाचायचे तर सव्वाशे ते दीडशे तास काढावे लागतील. ते जमणार नसेल तर किमान उजळणी अशी: ‘रिदम ऑफ वॉर’चा पाचवा खंड पूर्ण, कारण सेनानी डॅलिनार आणि दुष्ट देव ओडियम यांच्यातल्या द्वंद्वाच्या अटी तिथेच ठरतात आणि नवं पुस्तक त्या अटींच्या शब्दांवर उभं आहे. मग ‘डॉनशार्ड’ ही तिसऱ्या-चौथ्या भागांच्या मधली लघुकादंबरी. मग पहिल्या भागातली झेथ या मारेकऱ्याची मध्यांतरं (मुख्य कथेच्या मधली छोटी प्रकरणं), कारण या वेळी भूतकाळाची प्रकरणं त्याची आहेत. ‘वॉरब्रेकर’ (२००९) वाचलेली नसेल तर झेथच्या हातातली नाइटब्लड ही बडबडी तलवार आली कुठून, हे कळत नाही. अर्थ लागायला अडत नाही, पण गंमत अर्धी होते.

शंका आली म्हणून नाव गूगलवर टाकू नका. शोधपट्टीच पुढचे शब्द सुचवते आणि त्यातच कोण मेलं ते लिहिलेलं असतं. कॉपरमाइंड या चाहत्यांच्या विकीवर टाइम मशीन नावाची सोय आहे. तिथे अमुक पुस्तक येण्याआधीची पानं बघता येतात. ती ‘विंड अँड ट्रुथ’च्या आधीवर लावा आणि मगच शोधा.

पाच प्रस्तावना एका बैठकीत

वेळ एकाच गोष्टीला देता येणार असेल तर ती ही. पाचही पुस्तकांची प्रस्तावना एकाच रात्रीची आहे. कोलिनारच्या राजवाड्यात पार्शेंडी या परक्या लोकांशी झालेल्या तहाची मेजवानी चालू आहे आणि राजा गॅव्हिलारचा खून होतो. पहिल्या भागात ती रात्र मारेकरी झेथच्या नजरेतून दिसते, दुसऱ्यात राजकन्या जॅसनाच्या, तिसऱ्यात पार्शेंडी योद्धा एशोनाईच्या, चौथ्यात राणी नवानीच्या, आणि पाचव्यात खुद्द गॅव्हिलारच्या.

एका कागदावर चार रकाने आखा: कोण कुठे उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाशी बोललं, आणि ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला. पाचही प्रस्तावना ओळीने वाचून हे रकाने भरायला दोन संध्याकाळी पुरतात. चौथा रकाना सर्वांत कामाचा. पहिल्या भागात मरताना गॅव्हिलार विचारतो, तुला पाठवलं कोणी, आणि थाइडाकर, रेस्टारेस, सॅडियास अशी नावं घेतो. २०१०मध्ये त्यातलं सॅडियास हे एकच नाव पुढे ओळखीचं होतं. बाकी दोन नावांमागची माणसं कोण, हे कळायला ‘रिदम ऑफ वॉर’ उजाडावं लागलं. म्हणजे बी पेरल्यापासून उगवायला दहा वर्षं. हा कागद हाताशी असला की ‘लेखकाने हे ऐनवेळी घुसडलं’ असं लिहिण्याआधी तुम्ही जुनं पान उघडून बघाल. कधी कधी खरंच घुसडलेलं निघतं, आणि मग ते पुराव्यानिशी म्हणता येतं.

अंदाजांचा कागद

पुस्तक उघडण्याच्या आदल्या दिवशी दहा प्रश्न लिहा. प्रत्येकासमोर तुमचा अंदाज आणि दहापैकी किती खात्री आहे तो आकडा. वर तारीख. द्वंद्वात दोन्ही बाजूंनी कोण उतरेल? मालिकेचा एक नायक कॅलॅडिन शक्ती वाढवणारी पाचवी शपथ घेईल का? झेथच्या देशात, शिनोवारमध्ये, काय बिघडलंय? बा-आडो-मिश्राम या प्राचीन शक्तीला कोंडलं त्या वेळी नेमकं काय झालं? असे प्रश्न.

याचं कारण साधं आहे. वाचून झाल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे ठाऊकच होतं. मग ‘फारच अपेक्षित होतं’ ही तक्रार लिहिली जाते, आणि कागद बघितला तर दहातले तीन अंदाज बरोबर. उलटंही होतं. मनाशी जपलेला सिद्धांत खरा ठरला नाही म्हणून पुस्तक वाईट ठरतं. नऊ खात्रीचा अंदाज चुकला असेल तर त्या प्रकरणावरचं मत दोनदा तपासा: राग पुस्तकाचा आहे की हरलेल्या पैजेचा?

वाचताना: पाच पानं, दहा गुण

कादंबरीचे दहा खंड म्हणजे द्वंद्वाआधीचे दहा दिवस. रोशारवर, म्हणजे या कथेच्या जगात, दिवस वीस तासांचा असतो आणि वर्ष पाचशे दिवसांचं, म्हणजे ही दहा दिवसांची मुदत आपल्या घड्याळाने जेमतेम आठ दिवसांची. ‘एवढ्यात इतक्या घडामोडी कशा?’ हा प्रश्न पडणारच, तेव्हा हिशेब योग्य घड्याळावर करा.

गोष्ट एकाच वेळी अनेक ठिकाणी चालते आणि एकाच प्रकरणात दोन-तीनदा जागा बदलते. आधीच्या भागांत एका पात्राबरोबर बराच वेळ राहायला मिळायचं. इथे ते मिळत नाही. बहुतेकांची दमछाक होते ती इथे, आणि त्याचं खापर ते सरसकट लांबीवर फोडतात. उपाय म्हणजे वहीत प्रत्येक धाग्याला वेगळं पान द्यायचं:

अ‍ॅझिमीर – अ‍ॅडोलिन
शिनोवार – झेथ आणि कॅलॅडिन
थेलेना – जॅसना
शॅटर्ड प्लेन्स – सिगझिल आणि वेनली
स्पिरिच्युअल रेल्म (देहापलीकडचं जग) – डॅलिनार, नवानी, आणि शॅलनची मंडळी

एका बैठकीनंतर प्रत्येक धाग्याला एकच ओळ. काय घडलं ते लिहू नका, ते पुस्तकात आहेच. तो धागा सुटला तेव्हा परत कधी येतो असं वाटलं, की सुटला बुवा एकदाचा असं वाटलं, एवढंच लिहा. अ‍ॅझिमीरचा धागा बहुतेकांना सोपा जातो, आणि त्यात नवल नाही: एक शहर, एक शत्रू, किती माणसं उरली हे कळत राहतं. वेढ्याची गोष्ट आपल्याकडे पन्हाळ्यापासून ऐकत आलोय, तिची चाल अंगात मुरलेली असते. स्पिरिच्युअल रेल्ममध्ये असं काही हाताला लागत नाही. तिथे माहिती दाट आहे, आणि रात्री अकरानंतर ती प्रकरणं वाचली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात. शक्य तर ती सकाळी ठेवा.

प्रत्येक ‘दिवस’ संपला की पुढचा सुरू करण्याआधी त्याला दहापैकी गुण द्या आणि नंतर ते बदलू नका. सँडरसनच्या पुस्तकांत शेवटी सगळे धागे एकदम कोसळतात. चाहते त्याला ‘सँडरलँच’ म्हणतात. त्या कोसळण्यात मधल्या दिवसांना दिलेले पाच-सहा गुण डोळ्यांदेखत आठ-नऊ होतात. दहा आकडे शेजारी शेजारी असले की खरं चित्र दिसतं: पुस्तक कुठे बसलं, कुठे उठलं. सरासरी काढायच्या फंदात मात्र पडू नका. ५, ५, ९, १० हे आकडे आणि सगळीकडे ७ यांची सरासरी जवळपास सारखीच येते, पुस्तकं मात्र अगदी वेगळी असतात.

खुणा करताना पान क्रमांकावर विसंबू नका. ब्रिटिश पेपरबॅकमध्ये आधीचे भाग दोन-दोन खंडांत विकले जातात, ई-बुकला पानं नसतात, ऑडिओला तर काहीच नसतं. ‘दिवस तिसरा, अमुक प्रकरण’ असं लिहिलं की कोणालाही सापडतं. ऐकणाऱ्यांनी नावांच्या स्पेलिंगची यादी वेगळी ठेवावी. कानावर पडलेलं झेथ हे इंग्रजीत ‘एसझेड’ने सुरू होतं हे शोधायला गेल्याशिवाय कळत नाही.

मराठी व्याकरण गुपितं फोडतं

इंग्रजीत एखाद्याचा मृत्यू आडपडद्याने सांगता येतो. मराठीत क्रियापद लगेच चहाडी करतं. ‘शेवटी एक जण मेला’ म्हटलं की स्त्रीपात्रं वाचली, ‘मेली’ म्हटलं की पुरुष. ‘दोघं’, ‘दोघे’, ‘दोघी’ यांतल्या एका मात्रेने जोडीत कोण कोण आहे ते फुटतं. रहस्यभेद होऊ नये म्हणून सगळी नावं गाळलेली असतात, आणि चाणाक्ष वाचक एका वेलांटीवरून ओळखतो.

यावरचा हुकमी शब्द म्हणजे ‘पात्र’. तो नपुंसकलिंगी आहे, तेव्हा ‘एक महत्त्वाचं पात्र जातं’, ‘त्या पात्राने घेतलेला निर्णय पटत नाही’ असं बिनधास्त लिहा. नाहीतर वाक्याचा कर्ताच बदला: ‘तो शरण आला’च्या जागी ‘शरणागतीचा प्रसंग’. ‘तिने शपथ घेतली’मध्ये क्रियापद शपथेप्रमाणे चालतं, फोडतं ते ‘तिने’. तेव्हा ‘शपथ घेतली जाते तो प्रसंग’ म्हणा.

काळही फोडतो. ‘कॅलॅडिन माझा सर्वांत आवडता होता’ असं लिहिलंत की वाचणारा गार पडतो: होता? म्हणजे गेला की काय! तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचं असतं की आता अ‍ॅडोलिन जास्त आवडतो. पात्रांबद्दल लिहिताना सरसकट वर्तमानकाळ धरा, जिवंत असो वा नसो.

सिब्लिंग हे पात्र ही खास अडचण. ते पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. आपल्याकडे तिसरं लिंग तयार आहे म्हणून ‘सिब्लिंग म्हणालं’ लिहावंसं वाटतं, पण ते कुक्कुल्या बाळासारखं ऐकू येतं. हजारो वर्षं जुन्या मनोऱ्याच्या आत्म्याला ते शोभत नाही. ‘ते म्हणाले’ लिहिलं तर आजोबा बोलतायत असं वाटतं. नाव पुन्हा पुन्हा घ्या आणि ‘सिब्लिंगचं म्हणणं असं’, ‘सिब्लिंगच्या मते’ अशी वाक्यं फिरवा. बोलणाऱ्या स्प्रेनपैकी (स्प्रेन म्हणजे कथेतले आत्मे) सिल मात्र बिनधोक ‘ती’, पॅटर्न ‘तो’. साध्या, न बोलणाऱ्या स्प्रेनना ‘ती स्प्रेन’ असं नपुंसकलिंगी अनेकवचन चालतं.

बाकी शब्दांचं लिंग ठरवताना मराठी प्रतिशब्द मनात आणायचा: तलवार म्हणून ‘ती शार्डब्लेड’, वादळ म्हणून ‘ते हायस्टॉर्म’, चिलखत म्हणून ‘ते शार्डप्लेट’. एकदा ठरवलं की लेखभर तेच. ‘वादळप्रकाश’ (स्टॉर्मलाइट), ‘तेजस्वी वीर’ (नाइट्स रेडियंट) असली भाषांतरं करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याने पुस्तक वाचलंय त्याला ती परकी वाटतात आणि ज्याने नाही त्याला पौराणिक नाटकाची जाहिरात. मानाचंही एकदा ठरवून टाका. डॅलिनार वयाने, पदाने मोठा, पण त्याला ‘ते’ म्हटलं तर कॅलॅडिनला ‘तो’ का, हा वाद सुरू होतो. कादंबरीतल्या सगळ्यांना एकेरी, हा मराठी समीक्षेचा जुना रिवाज बरा. उच्चारांवरून भांडू नका: जॅसनाचा उच्चार लेखक स्वतः ‘यास्ना’च्या जवळ करतो. तुम्ही कुठलंही लिहा, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून एकच रूप ठेवा.

लिहायला बसल्यावर

संपल्यापासून चोवीस तासांच्या आत फोनवर दहा मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. शिव्या, हुंदके, सगळं. तो कच्चा माल आहे, तो कुठे टाकायचा नाही. मग आठवडाभर पुस्तकाला हात लावू नका आणि दुसऱ्या कोणाची प्रतिक्रिया वाचू नका. वाचली की त्यातले शब्द तुमच्या तोंडी येतात.

लेख हजार-बाराशे शब्दांचा पुरे. पहिले दीडशे-दोनशे शब्द पुस्तक न वाचलेल्यांसाठी: आधी काय वाचलेलं लागतं, वेळ किती जातो, कोणाचा पाय कुठे अडखळेल. तिथे मर्यादा जाहीर परिचयाची. प्रकाशकाने जे सांगितलंय ते तुम्हीही सांगू शकता, पुढचं नाही. मग ठळक अक्षरांत ‘पुढे रहस्यभेद’ आणि चांगली मोठी मोकळी जागा. फोनवर लिंक पाठवली की शीर्षक, चित्र आणि पहिल्या दोन ओळी आपोआप दिसतात, हे विसरून अनेकांनी अनेकांचा शेवट नासवलाय. चित्र मुखपृष्ठाचंच लावा, आतली रेखाटनं नकोत.

तक्रार करायची असेल तर ती आधी तपासा. या भागाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे संवाद फार आजकालचे वाटतात. असेल. मग ‘द वे ऑफ किंग्ज’ काढा, पूल वाहून नेणाऱ्या माणसांच्या संवादांची पाच पानं वाचा, लगेच नव्या भागातली पाच वाचा, आणि खटकलेले शब्द दोन्हीकडे मोजा. फरक दिसला तर ते शब्द उदाहरण म्हणून द्या. दिसला नाही तर कदाचित चौदा वर्षांत तुमचाच कान बदललाय, आणि तेही लिहिण्यासारखं आहे. ‘संपादकाने कात्री चालवायला हवी होती’ हे वाक्य लिहायची परवानगी स्वतःला तेव्हाच द्या, जेव्हा कुठली दोन प्रकरणं काढायची आणि ती काढल्यावर पुढचं काय कोसळेल हे दोन्ही सांगता येईल. वहीतली धाग्यांची पानं इथे कामाला येतात: ‘मध्ये रेंगाळतं’ याच्याऐवजी ‘चौथ्या दिवसापासून तीन दिवस या धाग्याची ओळ रोज तीच आहे’ असं लिहिता येतं.

कौतुकालाही हाच नियम. ‘अंगावर काटा आला’ ही माहिती नाही. काटा आणणाऱ्या वाक्याची तयारी आधी कुठे झाली होती ते सांगा. या मालिकेत ती बहुतेक वेळा हजार पानं आधी, किंवा मागच्या पुस्तकात, झालेली असते. अवतरण दोन-तीन ओळींचं, तुमच्या मराठीत, दिवस आणि प्रकरणासह. अख्खी पानं उतरवून टाकू नयेत. तो लेखकाचा हक्क आहे.

चांदण्या द्यायच्याच असतील तर सर्वांत शेवटी द्या, आणि खाली दहा दिवसांचे दहा आकडे तसेच छापा.

अंदाजांचा कागद शेवटी जोडा, चुकलेले अंदाज झाकू नका. त्याखाली उघडे राहिलेले प्रश्न पाच ओळींत लिहा आणि तारीख टाका. मालिका दहा भागांची ठरलेली आहे, हा पहिल्या पाचांचा शेवट, आणि सहावा भाग यायला बरीच वर्षं आहेत. मध्ये लेखक दुसऱ्या मालिकांकडे वळणार आहे. तेव्हा फाइल फोनवरच्या चॅटमध्ये ठेवू नका. तिची एक प्रत ई-मेलवर स्वतःलाच पाठवा, विषयाच्या जागी ‘स्टॉर्मलाइट ६च्या आधी’ असं लिहून.